यंत्रशोधक डॉ. शंकर आबाजी भिसे

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयाचीं, तीं केवळ त्यांची स्तुति करण्याकरितां नव्हे. त्यांच्या यशापासून आणि अपयशापासून आपल्या कामास उपयोगी पडेल असें कांहीं शिकून घ्यावें, हा त्या वाचनाचा खरा हेतु होय. राजे, सेनापति, संत आणि कवि यांचीं चरित्रें आपणांस बहुधा ठाऊक असतात. परंतु ज्यांनीं चाकें, तरफा आणि कळा यांच्याशीं आयुष्यभर झुंज घेतली, अशा पुरुषांची ओळख आपणांस फारशी नसते. महाराष्ट्रांत जन्मलेले आणि पुढें अमेरिकेंत हिंदुस्थानचे एडिसन म्हणून गौरविले गेलेले डॉ. शंकर आबाजी भिसे हे असेच एक पुरुष होत. ज्या विद्यार्थ्यास शाळेच्या विज्ञानप्रदर्शनाकरितां एक लहानशी मोटर आणि एक बझर घेऊन स्वतःच्या हातानें कांहीं यंत्र उभारावयाचें आहे, त्यानें हें चरित्र अवश्य वाचावें. आज जें काम तळहातावर मावणारी एक विजेची पाटी करिते, त्याच जातीचें काम केवळ यंत्ररचनेच्या बळावर कसें साधावें, हें भिसे यांनीं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं कागदावर मांडून दाखविलें होतें.

शंकररावांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजीं मुंबई येथें झाला. त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडांत मायकेल फॅरडे हे जगद्विख्यात शास्त्रज्ञ निवर्तले. पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवारी केलेल्या ह्या गृहस्थांनीं १८२१ सालीं विजेच्या प्रवाहाच्या योगानें लोहचुंबकाभोंवतीं तार फिरती ठेवून दाखविली होती. आज घरोघरीं फिरणाऱ्या मोटरीचें मूळ त्या प्रयोगांत आहे. शंकरराव वाढले त्या मुंबईंत आगगाडी होती, तारायंत्र होतें, कापडाच्या गिरण्या आणि छापखाने होते. यंत्रें सर्वत्र होतीं. परंतु तीं बहुतेक परदेशांतून आलेलीं. यंत्र कसें करावें हें एतद्देशीय मुलास शिकविणारी सोय फार थोडी होती. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही सुप्रसिद्ध संस्था १८८७ सालीं निघाली, तेव्हां शंकरराव वीस वर्षांचे झाले होते.

परंतु ज्यास शिकावयाचें आहे तो सोयीची वाट पाहत बसत नाहीं. वयाच्या चवदाव्या वर्षीं ह्या मुलानें घरच्या घरीं दगडी कोळशापासून जळाऊ वायु काढण्याचें उपकरण तयार केलें. बंद भांड्यांत हवेशिवाय कोळसा तापविला म्हणजे त्यांतून जळणारा वायु निघतो. मुंबईच्या रस्त्यांवरील दिवे त्या काळीं अशाच वायूवर जळत असत. रस्त्यावर जें दिसतें तें घरीं करून पाहावयाचें, ही वृत्ति संशोधकाच्या अंगीं प्रथम असावी लागते. सोळाव्या वर्षीं शंकररावांनीं मनाशीं निश्चय केला कीं, आपण इंग्लंडास अगर अमेरिकेस जाऊन शोध लावण्याचेंच काम करावयाचें. पुढें तारुण्यांत त्यांनीं मुंबईंत शास्त्राची आवड असणाऱ्यांचें एक मंडळ काढलें आणि विविध कलाप्रकाश हें मराठी मासिक चालविलें. आपल्यास जें समजलें तें आपल्या भाषेंत इतरांस सांगावें, ही त्यांची दृष्टि विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्याच सुमारास आंतील मालांत भेसळ करतां येऊं नये अशी बाटली, मुंबईच्या उपनगरी गाड्यांकरितां स्टेशनाचें नांव दाखविणारी योजना, असे अनेक आराखडे त्यांच्या हातून उतरत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या आयुष्यास कलाटणी देणारी गोष्ट घडली. इंग्लंडांतील एका नियतकालिकानें संशोधकांकरितां एक स्पर्धा लाविली होती. किराणा माल आपोआप वजन करून देणारें यंत्र कसें असावें, हा तिचा विषय. मुंबईंत बसून भिसे यांनीं आराखडा काढला, आणि इंग्लंडांतील सर्व स्पर्धकांस मागें टाकून तें बक्षीस मिळविलें. ज्या देशांतून आपल्याकडे यंत्रें येत, त्याच देशाच्या कारागिरांवर एका मराठी तरुणानें यंत्रविद्येंत मात केली, ही वार्ता मुंबईच्या पुढाऱ्यांच्या कानीं गेली, यांत नवल नाहीं.

ह्या यंत्राच्या कामांत कोणती अडचण आहे, तें येथें थोडें समजून घेतलें पाहिजे. दुकानदार तागडींत धान्य ओततो तेव्हां तो तीन कामें करीत असतो. त्याचा हात धान्य सोडतो, त्याची नजर कांट्यावर असते, आणि कांटा मध्यावर येतांच त्याचें मन हाताला थांबण्याचा हुकूम देतें. आपोआप चालणाऱ्या यंत्रांत हात, डोळा आणि मन हीं तिन्ही कशांत तरी बसवावीं लागतात. त्या काळीं मन बसवावयाचें तें तरफेंत आणि खटक्यांतच. पारडें खालीं गेलें कीं तरफ हलावी, तरफ हलली कीं खटका सुटावा, खटका सुटला कीं झडप पडावी. एकदां ओतून ठेवलेला असा हुकूम बदलावयाचा तर यंत्राचे भागच पुन्हां घडवावे लागत.

आज हें मन मायक्रोकंट्रोलर नांवाच्या लहानशा चकतींत बसवितां येतें. असा पहिला नियंत्रक १९७१ सालीं अमेरिकेंत तयार झाला. आणि शिकाऊ मुलांस सहज वापरतां येईल अशी आर्दुइनो ही पाटी २००५ सालीं इटलींतील इव्रेआ या गांवीं जन्मास आली. आतां ती कांहीं शें रुपयांत मिळते आणि तिच्यांतील हुकूम हवे तितक्या वेळां पुसून नवे लिहितां येतात. तेव्हां भिसे यांस बक्षीस मिळवून देणाऱ्या विषयावरच एक लहान यंत्र आपल्या हातानें करून पाहणें, हा त्यांचें चरित्र समजून घेण्याचा उत्तम मार्ग आहे.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील कुंभार पिंपळगांवच्या मुलांस तर हें काम मुळींच परकें वाटूं नये. गांवाच्या नांवांतच फिरत्या चाकाचा धनी बसला आहे. विहिरीवरची मोटर आणि तिचा स्टार्टर येथील लेंकरांस शाळेंत येण्यापूर्वीं ठाऊक होतो. आणि मोंढ्यावर सोयाबीन, तूर वा ज्वारी मोजतांना कांट्याकडे बापाची नजर कशी खिळलेली असते, हेंही त्यांनीं पाहिलेलें असतें. वजनांत थोडीशी चूक झाली तर वर्षाच्या कष्टाचें मोल कमी होतें, हें त्यांस कोणी शिकवावयास नको.

रचना अशी करावी. पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या नरसाळ्यांत ज्वारी भरावी व त्याच्या तोंडाशीं पंख्याच्या आकाराचें एक चाक बसवावें. तें खेळण्यांत असते तसल्या दांतेरी चाकांच्या मंद मोटरीनें फिरावें, म्हणजे ज्वारी थोडी थोडी खालीं पडेल. खालीं एक पट्टी मध्यावर तोलून तिच्या एका टोंकास डबा व दुसऱ्या टोंकास डब्याइतकें वजन अधिक शंभर ग्रॅम ठेवावें. डब्याच्या खालीं एक हलकी कळ असावी. ज्वारी शंभर ग्रॅमांच्या वर गेली कीं डबा खालीं बसेल व कळ दाबली जाईल. नियंत्रकास द्यावयाचा हुकूम सरळ आहे : सुरुवातीचें बटण दाबलें कीं मोटर चालू कर, डब्याखालची कळ दाबली गेली कीं मोटर थांबव आणि बझर एक सेकंद वाजव, पुढें बटण पुन्हां दाबीपर्यंत स्वस्थ राहा. हें शेवटचें वाक्य विसरलें, तर भरलेला डबा उचलतांच कळ सुटते, मोटर पुन्हां फिरूं लागते आणि ज्वारी जमिनीवर सांडते. यंत्रास आपण जें सांगत नाहीं, तें तें समजून घेत नाहीं.

हा बझरही मोठा गमतीचा आहे. कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. त्याच्या उलट, अशा पदार्थास वीज दिली म्हणजे तो किंचित् आकुंचन-प्रसरण पावतो. तें सेकंदांत हजारों वेळां घडलें कीं आवाज निघतो. त्यास वीज इतकी थोडी लागते कीं तो नियंत्रकाच्या पायास थेट जोडला तरी चालतो.

मोटरीची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि नवशिक्यांचे हात बहुधा येथेंच पोळतात. आर्दुइनोच्या एका पायांतून सुमारें वीस मिलिअँपिअर इतकाच प्रवाह निर्धास्तपणें घेतां येतो. लहानशा मोटरीस त्याच्या कैक पट लागतो, आणि सुरू होण्याच्या क्षणीं तर त्याहूनही अधिक. मोटर पायास थेट जोडली तर ती फिरत नाहींच, पण नियंत्रक जळण्याचा संभव असतो. म्हणून मोटरीस वीज निराळ्या बॅटरींतून द्यावी आणि मध्यें एक ट्रान्झिस्टर बसवावा. नियंत्रकाचा क्षीण हुकूम एका हजार ओहमांच्या रोधांतून ट्रान्झिस्टरास पोंचतो, आणि ट्रान्झिस्टर बॅटरीच्या मोठ्या प्रवाहाचा मार्ग उघडतो अगर बंद करतो. दोन्हीकडील ऋण तारा मात्र एकत्र जोडलेल्या असाव्या, नाहीं तर हुकूम पोंचतच नाहीं. शिवाय मोटर थांबतांच तिच्या वेटोळ्यांतून उलटा झटका येतो. तो पचविण्याकरितां मोटरीच्या दोन टोंकांवर एक डायोड उलट्या दिशेनें जोडावा.

इतकें करूनही पहिल्या खेपेस वजन बरोबर येणार नाहीं. मोटर थांबली तरी चाक व डबा यांमधील ज्वारी खालीं पडतच असते, आणि तितकी ती जास्त भरते. यास उपाय मोजण्याचा. दहा वेळां डबा भरून प्रत्येक वेळचें वजन दुकानाच्या कांट्यावर पाहावें, तें वहींत लिहावें, आणि सरासरीनें जितकें अधिक आलें तितकें वजन पट्टीच्या दुसऱ्या टोंकाकडून कमी करावें. स्पर्धेकरितां कागदावर आराखडा काढणें निराळें आणि दाण्यादाण्याशीं झगडून यंत्र खरें करणें निराळें, हें ह्या दहा मापांत कळून येतें. भिसे यांच्या पुढील आयुष्याची कथा ह्याच फरकाची कथा आहे.

स्पर्धेंतील यशानंतर मुंबईच्या पुढाऱ्यांनीं त्यांस विलायतेस जाण्यास साह्य केलें. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनीं लंडनांतील दादाभाई नौरोजी यांस पत्र दिलें. दादाभाई हे १८९२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत निवडून गेलेले हिंदी पुढारी; हिंदुस्थानची संपत्ति परदेशीं कशी वाहून जाते, याचा त्यांनीं जन्मभर हिशेब मांडला. त्यांस ह्या तरुणाच्या बुद्धींत देशाच्या उद्योगाचें बीज दिसलें असल्यास आश्चर्य नाहीं. वृद्धपणींही त्यांनीं भिसे यांच्या शोधांकरितां स्वतः पैसा घातला आणि इतरांकडून मिळविण्याची खटपट केली. लंडनांत भिसे यांनीं विजेच्या योगानें जाहिराती दाखविणारें यंत्र केलें. स्वयंपाकघराचीं उपकरणें, आपोआप पाणी सोडणारा शौचकूप, अशा नाना वस्तूंचे आराखडे केले. परंतु ज्या एका यंत्रावर त्यांनीं आयुष्याचा मोठा भाग खर्चिला, तें म्हणजे छापखान्याचे खिळे ओतण्याचें यंत्र. त्यास त्यांच्याच नांवावरून भिसोटाइप म्हणत.

त्या काळीं छपाई म्हणजे शिशाच्या खिळ्यांचें काम. शिसें, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यांत ओतावयाचा, तो निवतांच अक्षराचा खिळा बाहेर काढावयाचा, आणि लगेच दुसरा ओतावयाचा. रस कमी पडला तर अक्षर अपुरें येतें. नीट निवला नाहीं तर वांकडें होतें. एका खिळ्याची उंची केसभर चुकली तर ओळीची ओळ बिघडते. ओतणें, निववणें आणि काढणें ह्या क्रिया नेमक्या क्रमानें व नेमक्या वेळीं एकाच यंत्रानें हजारों वेळां केल्या पाहिजेत. १८८६ सालीं अमेरिकेंत लायनोटाइप यंत्र कामास लागलें होतें व तें ओळच्या ओळ ओतीत असे. सुटे खिळे ओतणारें मोनोटाइप यंत्रही बाजारांत आलें होतें. ह्या यंत्रांमागें मोठ्या कंपन्या उभ्या होत्या. त्यांच्यापुढें आपलें अधिक वेगाचें आणि अधिक स्वस्त यंत्र मांडावें, ही भिसे यांची महत्त्वाकांक्षा होती.

बुद्धि होती, चिकाटी होती. उणीव होती ती भांडवलाची. खिळे ओतणारें यंत्र कागदावर सिद्ध होत नाहीं. त्याचा नमुना पोलादांत घडवावा लागतो, मोडावा लागतो, पुन्हां घडवावा लागतो. आणि प्रत्येक वेळीं कारागिरांचा पगार, कारखान्याचें भाडें व पेटंटाचा खर्च द्यावा लागतो. इंग्लंडांतील समाजवादी पुढारी हेन्री हिंडमन यांनीं भांडवल उभारून देण्याचा यत्न केला. तो सिद्धीस गेला नाहीं. दादाभाई १९०७ सालीं स्वदेशीं परतले. पुढच्याच वर्षीं पैसा संपून भिसे यांसही मुंबईचा रस्ता धरावा लागला.

परतीच्या जहाजावर त्यांची गांठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशीं पडली. गोखले यांनीं त्यांस जमशेटजी टाटा यांचे पुत्र रतन टाटा यांच्याकडे नेलें, आणि १९१० सालीं टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट ही मंडळी स्थापन झाली. भिसे पुन्हां लंडनास गेले. आतां यश हाताशीं आलें असें वाटलें. परंतु यंत्र पूर्ण होऊन बाजारांत चालावें, तें होईना. पैसा जात राहिला, नफा दिसेना, इतक्यांत १९१४ चें महायुद्ध पेटलें. १९१५ सालीं ती मंडळी मोडली.

दुसरा कोणी असता तर येथेंच थकून बसला असता. भिसे त्या वेळीं पन्नाशीच्या घरांत होते. त्यांनीं अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्क गांठलें आणि तेथें पुन्हां आरंभ केला. सोळाव्या वर्षीं ज्या दोन देशांचें नांव त्यांनीं घेतलें होतें, त्यांपैकीं दुसरा देश आतां त्यांची कर्मभूमि झाला. खिळ्यांचें यंत्र त्यांनीं तेथेंही सोडलें नाहीं; त्याकरितां आयडियल टाइप कास्टर कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. त्याबरोबरच त्यांनीं आयोडीनयुक्त असें एक औषध तयार केलें, तें पुढें अटॉमिडिन ह्या नांवानें बाजारांत चाललें. त्यांच्या शोधांची संख्या दोनशेंच्या घरांत व पेटंटांची चाळिसांच्या आसपास सांगितली जाते. ७ एप्रिल १९३५ रोजीं, अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला असतां, न्यूयॉर्क येथें त्यांचा अंत झाला.

ज्या यंत्राकरितां त्यांनीं आपलें तारुण्य वेंचलें, तें आपल्या देशाच्या छापखान्यांतून कधीं रूढ झालें नाहीं. पुढें शिशाचे खिळेच गेले आणि छपाई संगणकावर आली. तेव्हां भिसे यांचें आयुष्य विफल झालें असें म्हणावें काय ? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु त्यांचें चरित्र केवळ चिकाटीचा पाठ म्हणून मुलांस सांगणें, हेंही अर्धवट आहे. चिकाटी त्यांच्याजवळ कोणाहूनही कमी नव्हती. त्यांची गति खुंटली ती दुसऱ्याच ठिकाणीं. आणि तें ठिकाण ज्यानें मोटर व बझर यांचें यंत्र स्वतः जोडून पाहिलें आहे त्यास चटकन् दाखवितां येईल. नियंत्रकाचा पाय हुकूम देऊं शकतो, मोटर फिरविण्याचें बळ देऊं शकत नाहीं. बळ बॅटरींतून यावें लागतें. आणि हुकूम व बळ यांची गांठ घालून देणारा ट्रान्झिस्टर मध्यें असावा लागतो. भिसे यांच्या आयुष्यांत वाच्छा, नौरोजी आणि गोखले यांनीं तें काम निरपेक्ष बुद्धीनें केलें. तेवढ्या काळापुरतें त्यांचें चाक फिरलें. गांठ सुटली कीं चाक थांबलें. त्या काळच्या हिंदुस्थानांत संशोधकास कारखाना, कारागीर आणि भांडवल सतत पुरविणारी व्यवस्था उभी राहिली नव्हती. म्हणून एका बुद्धिमान् मराठी माणसास आपली विद्या घेऊन तीन खंडांतून हिंडावें लागलें.

आज कुंभार पिंपळगांवच्या एखाद्या मुलाला अगर मुलीला यंत्राचें मन थोड्या रुपयांत विकत घेतां येतें. भिसे यांस नमुन्याच्या एकेका फेरबदलाकरितां पोलाद कापावें लागे. ह्या लेंकरांस हुकुमाची एक ओळ खोडून दुसरी लिहावी लागते. हा लाभ लहान नाहीं. परंतु डाळीच्या गिरणींतील जुनी मोटर देणारा मालक, आपला कांटा दहा मापांकरितां वापरूं देणारा दुकानदार, मोटर दुरुस्त करणारा कारागीर, प्रयोग फसला तरी पुन्हां करूं देणारे शिक्षक आणि रात्रीं वहींत आंकडे लिहीत बसलेल्या मुलास कामास न लावणारे आईबाप, यांच्यावांचून ती पाटी नुसती टेबलावर पडून राहील. आणि विद्यार्थ्यांनींही एक पथ्य पाळावें. दुसऱ्याचे हुकूम जसेच्या तसे उतरून मोटर फिरविली, तर त्यांत फिरलें तें दुसऱ्याचें मन. मूळ रचना कोणाची हें प्रदर्शनाच्या फलकावर स्पष्ट लिहावें, आणि तिच्यांत आपल्या गरजेनुसार एक तरी बदल स्वतः विचार करून, मोजून, सिद्ध करून दाखवावा. चवदा वर्षांच्या शंकररावांनीं कोळशाचा वायु घरीं काढून पाहिला, तो याच बुद्धीनें.